मुक्या जनावरांचे उपचार : खर्च कोठे वाढतो?

वसईची खाडी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तर तीरावर, वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर ही कोळी बांधवांची वस्ती आहे. बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या होड्या आणि जाळी दुरुस्त करीत बसलेली माणसे हे येथील नित्याचे दृश्य. येथील संसार समुद्रावर चालतो. घोड्याचा आणि या वस्तीचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज येईल. परंतु याच खाडीने थोडे आत गेले की दक्षिण तीरावर घोडबंदर लागते. परदेशातून गलबतांनी आणलेले घोडे तेथे उतरत, म्हणून त्या गावाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. 1739 साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा या भागाने मराठ्यांचे घोडदळ पाहिले. पुढे रेल्वे आली, मोटार आली आणि घोड्याचे काम सरले. आज वसई परिसरात घोडा दिसतो तो बहुधा लग्नसराईत, नवरदेवाच्या वरातीपुढे.

असा एखादा घोडा पाचूबंदरच्या वाळूत आजारी पडला तर काय होईल, येथून या लेखाचा आरंभ करू. उदाहरण समजुतीसाठी घेतले आहे. मात्र त्यातील अडचणी राज्यातील बहुतेक घोडेमालकांच्या ओळखीच्या आहेत.

वाळू आणि पोटशूळ

किनाऱ्यावर बांधलेल्या घोड्यापुढे चारा बहुधा जमिनीवरच टाकला जातो. चाऱ्याबरोबर थोडी थोडी वाळू पोटात जाते. ती सगळीच लिदीवाटे बाहेर पडत नाही. मोठ्या आतड्याच्या तळाशी साचत राहते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एके दिवशी घोडा चारा सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून पुन्हा पुन्हा कुशीकडे पाहतो, खाली बसतो, उठतो, लोळू लागतो आणि घामाने भिजतो. हा पोटशूळ होय. घोड्याची शरीररचना अशी की त्याला ओकारी करता येत नाही. पोट देहाच्या मानाने लहान आणि आतडे मात्र फार लांब. त्यामुळे आत अडलेले पुढेच सरकावे लागते. ते सरकले नाही किंवा आतड्याला पीळ पडला, तर काही तासांत जनावर दगावते.

अशा वेळी पशुवैद्य नाकातून पोटात नळी घालून आतील साठलेला वायू व द्रव काढतात, शुष्कता भरून काढण्यासाठी शिरेवाटे सलाइन देतात आणि वेदनाशामक टोचतात. येथे खर्चाचे पहिले कारण लक्षात येते. औषधाची मात्रा देहाच्या वजनावर ठरते. 60 किलो वजनाच्या माणसाच्या अंगातील पाणी वजनाच्या 8 टक्क्यांनी घटले, तर सुमारे 5 लिटर सलाइन, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 10 बाटल्या लागतील. 300 किलोच्या घोड्याला त्याच प्रमाणात 24 लिटर, म्हणजे 48 बाटल्या लागतात. ही केवळ तूट झाली. दिवसभराची नेहमीची गरज निराळी. बाटलीचा दर दोघांनाही तोच. शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देण्याची साधने, घोडा उचलण्याची यंत्रणा, त्याला पडून इजा होऊ नये अशी गादीची खोली आणि प्रशिक्षित माणसे, असे सर्वच मोठे लागते. एवढी सोय असलेली ठिकाणे राज्यात मोजकीच आहेत.

दुसरे कारण अंतराचे. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ते उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नीचे नाव देण्यात आले. 1886 साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभही परळलाच झाला. ज्या काळी मुंबईचा सारा भार घोड्यांवर आणि बैलांवर होता, त्या काळच्या दानशूरांनी हे काम हाती घेतले, ही गोष्ट मुद्दाम आठवावी अशी आहे. परंतु पाचूबंदरहून परळ रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर पडते आणि मोटारीला महामार्गावरील वरसावे पुलाकडे वळसा घालून, म्हणजे घोडबंदरच्या बाजूनेच जावे लागते. 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाल्याने वाहनांचा वळसा वाचू शकतो. तरी वेदनेने तळमळणारा घोडा चढवायला वाहन कोठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. लोळणारे जनावर साध्या टेम्पोत उभे राहत नाही. वाहनाचे भाडे, चार माणसांची मजुरी आणि वाटेत गेलेला वेळ यांची बेरीज अनेकदा औषधांच्या रकमेलाही मागे टाकते.

आणि या सगळ्याचे मूळ कोठे होते? चारा जमिनीवर टाकण्यात. एक रुंद टोपले किंवा अर्धे कापलेले पिंप मांडले असते आणि त्याखाली जुन्या ताडपत्रीचा तुकडा अंथरला असता, तर वाळू पोटात गेलीच नसती किंवा फारच थोडी गेली असती. घोड्याच्या पोटात वाळू साचते आहे की नाही, हे घरच्या घरीही पाहता येते. नुकतीच पडलेली लीद घ्यावी. जमिनीला लागलेला भाग वगळावा. पाच-सहा गोळे लिटरभर पाण्यात नीट कालवून पंधरा मिनिटे स्थिर ठेवावेत. तळाशी चमचाभर किंवा त्याहून अधिक वाळू बसली तर पशुवैद्याला लगेच दाखवावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यात शिक्षकांनी हा प्रयोग एकदा करून दाखविला, तर किनाऱ्यावरच्या मुलांना तो पाठ्यपुस्तकातील गाळणक्रियेपेक्षा अधिक लक्षात राहील. जुहू, अलिबाग, काशीद अशा प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर, जेथे पर्यटकांना घोड्यावरून फिरविले जाते, तेथे या माहितीची गरज आहे.

गणतीत घोडा कोठे बसतो?

2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात गाई-बैल सुमारे 19 कोटी 35 लाख आणि म्हशी जवळपास 11 कोटी आढळल्या. घोडे व तट्टे मिळून भरली सुमारे 3 लाख 40 हजार. 2012 च्या तुलनेत ही संख्या सुमारे 45 टक्क्यांनी घटली होती. सार्वजनिक पशुवैद्यकीय सेवेची उभारणी गाय, म्हैस आणि शेळी यांना समोर ठेवून झाली, यात नवल नाही. दूध, शेती आणि ग्रामीण उत्पन्न त्यांच्यावर अवलंबून आहे. 1976 च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने दर 5,000 पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा, असे सुचविले होते. या हिशेबात घोडा वगळलेला नाही, पण तालुक्यात जेमतेम दहा-वीस घोडे असतील तर त्यांच्यासाठी औषधांचा साठा करणे दवाखान्याला सुचत नाही. पशुवैद्याचाही हात रोज गाई-म्हशींवर बसलेला असतो. घोड्याच्या नाकातून नळी घालणे हे सरावाचे काम आहे आणि सरावाची संधी फारशी येत नाही.

दुसऱ्या बाजूला शहरांमध्ये कुत्र्या-मांजरांची खाजगी चिकित्सालये वाढली. 2024 मध्ये टाटा न्यासाने महालक्ष्मी येथे लहान प्राण्यांसाठी मोठे आधुनिक रुग्णालय सुरू केले. तेथे कुत्र्या-मांजरांवर ज्या प्रतीचे उपचार होतात, त्या प्रतीचे उपचार पूर्वी फक्त माणसांना मिळत. महालक्ष्मीलाच शर्यतीचे मैदान आहे. शर्यतीच्या घोड्यांसाठी तज्ज्ञ पशुवैद्य दिमतीला असतात. राहिला तो वरातीचा, किनाऱ्यावरचा, डोंगरवाटेवरचा पोटासाठी राबणारा घोडा. तो दुभता नाही म्हणून ग्रामीण योजनेत मागे, हौसेचा नाही म्हणून शहरी चिकित्सालयाबाहेर. या घोड्याची काळजी कोणी घ्यायची, हे ठरलेले नाही आणि आमच्या मते उपचारांच्या महागाईचे हेच सर्वांत खोल कारण आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांची कथा याच अंगाने पाहण्यासारखी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये हौसेसाठी चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या. घोड्यांची आबाळ आणि तबेल्यांची दुरवस्था हा त्या प्रकरणातील मुख्य मुद्दा होता. निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात, परंतु नाल, निवारा, पाणी आणि लस यांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले की शेवटी व्यवसायच उभा राहू शकत नाही, हे त्यातून दिसले.

माथेरानची अडचण निराळ्या तऱ्हेची. तेथे दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना प्रवेश नाही. पर्यटक आणि सामान यांची वाहतूक घोड्यांवर होत आली आहे. लाल मातीची चढउताराची वाट, पावसाळ्यातील घसरण आणि लागोपाठच्या फेऱ्या यांमुळे खूर, सांधे आणि पाठ यांची दुखणी होणे साहजिक आहे. पोटशूळ झालेला घोडा डोंगर उतरून खाली आणणे जवळजवळ अशक्य. अशा ठिकाणी रोग्याने दवाखान्यात जावे, ही नेहमीची रीत चालत नाही. दवाखान्यानेच रोग्याकडे गेले पाहिजे.

स्वस्त इलाजाची किंमत

उपचार महाग म्हटल्यावर मालक साहजिकच दुकानातून औषध आणतो. माणसांसाठीचे वेदनाशामक टोचले की जनावर तासाभरात उभे राहते आणि बरे झाले असे वाटते. पोटशूळात हे फार घातक ठरू शकते. वेदना दबते, आतील अडथळा तसाच राहतो आणि पशुवैद्य येईपर्यंत आतडे निकामी झालेले असते. डायक्लोफिनॅक या स्वस्त वेदनाशामकाचा इतिहास तर सर्वश्रुत आहे. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन देशातील गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली, हे सिद्ध झाल्यावर 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जातात असे दिसल्याने 2015 साली कुपीचा आकार 3 मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. गुराच्या दुखण्यावर वाचविलेल्या काही रुपयांची ही किंमत साऱ्या निसर्गाने मोजली.

धनुर्वाताचे उदाहरण घ्या. पाळीव प्राण्यांमध्ये धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणारा प्राणी घोडा होय. खुरात रुतलेला खिळा किंवा खोगिराने पडलेली जखम एवढेही निमित्त पुरते. एकदा जबडा घट्ट बसला, कान ताठरले, डोळ्याच्या कोपऱ्यातील पडदा बाहेर दिसू लागला की उपचार म्हणजे प्रतिविषाच्या मोठ्या मात्रा, अंधारी व शांत जागा आणि आठवडे चालणारी शुश्रूषा. तरीही घोडा वाचेल याची शाश्वती नाही. याउलट प्रतिबंधक लस स्वस्त आहे. आरंभी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित पूरक मात्रा दिली की भागते. लशीचा खर्च आणि उपचाराचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. असे असताना लस टोचून न घेतलेले घोडे आढळतात, कारण लस घेण्याच्या दिवशी घोडा धडधाकट असतो आणि धडधाकट जनावरावर पैसा खर्च करणे मालकाच्या मनाला पटत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. सर्पदंशावर जी प्रतिविष लस ग्रामीण रुग्णालयांत ठेवलेली असते, ती घोड्यांच्या रक्तातून तयार होते. परळच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने या कामासाठी पिंपरी येथे घोडे पाळले आहेत. भातखाचरात साप चावलेला पालघर जिल्ह्यातील आदिवासी शेतकरी वाचतो, तेव्हा त्यामागे एखाद्या निरोगी घोड्याचा वाटा असतो. घोडा आता निरुपयोगी झाला, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ग्लँडर्स हा रोग मात्र लशीने टळत नाही. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी व व्रण ही त्याची लक्षणे. तो माणसालाही होऊ शकतो. तपासणीत रोग निश्चित झाल्यास त्यावर उपचार करीत नाहीत. कायद्यानुसार जनावर वेदनारहित पद्धतीने नष्ट करून मालकास भरपाई देण्याची तरतूद आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचे प्रमुख केंद्र होय. भरपाई वेळेवर हाती पडेल असा विश्वास नसेल, तर मालक आजारी घोडा लपवितो किंवा दुसऱ्या बाजारात विकतो आणि रोग पसरतो. यासंबंधीचे प्रस्ताव हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी तत्परता दाखविणे ही रोगनियंत्रणाचीच एक पायरी आहे. 2022 मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत राज्य शासनाने गोवर्गीय जनावरांना मोफत लस दिली आणि मृत दुभत्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 व वासरामागे 16,000 रुपये असे साहाय्य दिले. शासनाने भार उचलला तर शेतकरी पुढे येऊन आजाराची वर्दी देतो, हा त्या वर्षीचा अनुभव घोड्यांच्या बाबतीतही उपयोगी पडावा.

उपलब्ध असलेल्या सोयी

फिरत्या पशुचिकित्सा पथकांची योजना आता राज्यात कार्यरत आहे. 1962 या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी केल्यास पशुवैद्य व सहायक यांचे वाहन जनावराच्या दारी येऊ शकते. साधारण एक लाख पशुधनामागे एक पथक हे तिचे प्रमाण. ही सेवा केवळ दुभत्या जनावरांसाठी नाही. परंतु घोडेमालकांपैकी कित्येकांना हा क्रमांक ठाऊकच नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तबेल्याच्या दारावर तो मोठ्या अक्षरांत लिहिला तर एक शाईची बाटली पुरेल.

मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुधन आरोग्य कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा घटक समाविष्ट केला. स्वस्त जातिवाचक औषधे पशुपालकांना मिळावीत, हा त्याचा हेतू असून त्यासाठी 75 कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. या केंद्रांच्या यादीत गाई-म्हशींच्या औषधांबरोबर घोड्यासाठी लागणारी नळीवाटे देण्याची तेले, जंतनाशके आणि धनुर्वाताची लस यावी, असा आग्रह जिल्हा पातळीवरून धरला पाहिजे.

पशुधन विम्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विम्यात घोडा, गाढव, खेचर या ओझे वाहणाऱ्या जनावरांचा समावेश होतो. फेब्रुवारी 2024 च्या निर्णयानुसार लाभार्थ्याचा हप्त्यातील वाटा 15 टक्क्यांवर आणला आहे. पण हा विमा जनावराच्या मृत्यूचा आहे, उपचाराचा नव्हे. आजारपणात मालकाची कमाई थांबते आणि खर्च मात्र त्याच दिवशी उभा राहतो. लग्नसराईत घोडा आजारी पडला तर घेतलेली आगाऊ रक्कमही परत करावी लागते. अशा वेळी तो सावकाराकडे जातो किंवा वैद्याला बोलावणे दोन दिवस पुढे ढकलतो. ढकललेल्या त्या दोन दिवसांत किरकोळ दुखण्याचे मोठे दुखणे होते.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग आपल्या खेड्यांना नवा नाही. 1934 साली कैरो येथे डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंनी पहिल्या महायुद्धातून मागे राहिलेल्या वृद्ध लष्करी घोड्यांसाठी मोफत रुग्णालय काढले. तीच संस्था आज भारतातही काम करते. केवळ औषधे वाटून प्रश्न सुटत नाही, हे ध्यानी आल्यावर मालकांचे गट बांधून त्यांच्यात बचत आणि परस्पर देखरेख रुजविण्यावर तिने भर दिला. महाराष्ट्रातील बचत गटांना ही पद्धत सांगण्याची गरज नाही. एका तालुक्यातील दहा-पंधरा घोडे व गाढवे पाळणाऱ्यांनी दरमहा ठरावीक रक्कम एकत्र ठेवली, तर वर्षातून दोनदा पशुवैद्याला बोलावून सर्वांची लस, जंतनाशन व दातांची तपासणी एकाच दिवशी करून घेता येते. पशुवैद्याच्या येण्याजाण्याचा खर्च पंधरा ठिकाणी वाटला जातो. चांगला नालबंदही असाच ठरवून आणता येतो. तो कसबी कारागीर आता दुर्मिळ होत चालला आहे आणि बिघडलेल्या खुरांची दुखणी त्यामुळे वाढत आहेत.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जेथे इतके घोडे एकत्र येतात, तेथे लसीकरण व रक्ततपासणीचे शिबिर घेणे सोयीचे आणि स्वस्त पडते. यात्रा समिती, पंचायत समिती व पशुसंवर्धन विभाग यांनी तारखा आधीच जुळवून घेतल्या तर बाजारात विकला जाणारा घोडा नोंदपत्रासह नव्या मालकाकडे जाईल.

गाढवाविषयी एक सूचना. कुंभार, वडार आणि वीटभट्टीवरील कुटुंबे हे जनावर बाळगतात. गाढव वेदना सहसा दाखवीत नाही. ते घोड्यासारखे लोळत नाही. केवळ मान खाली घालून उभे राहते आणि खाणे कमी करते. खाणे सोडलेले गाढव म्हणजे गंभीर आजारी गाढव, असेच समजावे. 1965 च्या नियमांनुसार गाढवावर 50 किलो आणि तट्टावर 70 किलोहून अधिक ओझे लादता येत नाही; तापमान 37 अंशांपुढे असता दुपारी 12 ते 3 या वेळेत कामाला जुंपता येत नाही. दंडाच्या भीतीपेक्षा पाठीच्या जखमांवरील मलमपट्टीचा हिशेब मांडून दाखविला, तर हे नियम मालकाला अधिक लवकर पटतात.

शेवटी पशुवैद्याला दूरध्वनी करताना काय सांगावे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी मालकांना शिकवावे. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि शरीराचे तापमान 37.5 ते 38.5 अंश असते. नाडी खालच्या जबड्याच्या कडेला बोटांनी लागते. ती 60 च्या वर गेली आणि घोडा चारा खात नसेल, तर रात्र काढू नये. लीद केव्हा पडली, पाणी किती प्यायला, शेवटची लस केव्हा टोचली, दुकानातून आणलेले काही दिले आहे काय, एवढे कागदावर लिहून ठेवले की पशुवैद्याला निघतानाच कोणती औषधे बरोबर घ्यावयाची ते कळते आणि दुसरी फेरी वाचते. पाचूबंदरसारख्या टोकाच्या वस्तीत ही एक फेरी वाचणे म्हणजे तास-दीड तास आणि एका वाहनाचे भाडे वाचणे होय.